डांबर ओतलेली पेटी

१९६३ साल. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात वायरमन होतो. चौथीत दोनदा बसलो, दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा गेलोच नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कोणाला वाटायला नको की ह्या बुढ्यानं कुठं तरी कॉलेज केलं असेल.

ज्यांनी कापसाची प्रेस पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. जिनमध्ये कापसातून सरकी निघाली की उरते ती रुई. ही रुई प्रेसच्या हौदात टाकतात. हौद म्हणजे माणसापेक्षा उंच लोखंडी कोठी, समोरासमोर दोन दारं असलेली. रुई फुगते, बसत नाही, म्हणून दोन माणसं आत शिरून ती पायांनी खुंदतात. मग ती बाहेर येतात, दारं लागतात, बाहेरचा माणूस बटन दाबतो आणि खालून पाण्याच्या दाबावर लोखंडी पाट वर चढतो. दोन खोल्या भरतील एवढी रुई दाबून एक गठाण होते. त्या पाटापुढं माणसाचं हाड म्हणजे वाळली काडी.

माझा मोठा भाऊ त्या हौदात रुई खुंदायचा.

बटन आणि पाट यांच्या मधे एक पेटी होती. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी, बिडाची. बटन दाबलं तरी पाट उचलायचा की नाही हे ती पेटी ठरवायची. दारं लागली आहेत का, पाट नीट खाली बसला आहे का, हे तिला वायरींमधून कळायचं. प्रेस परदेशी, जुनी घेतलेली. बनवणारी कंपनी बुडालेली. कागद नाही, नकाशा नाही. आणि नक्कल कोणी करू नये म्हणून त्या शहाण्यांनी पेटीत काठोकाठ डांबर ओतून ठेवलेलं. बाहेर दिसायच्या फक्त वायरींच्या शेपट्या.

दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर लागल्या आणि त्याच आठवड्यात पेटी मेली. जळका वास आला आणि पाट उठेना.

मुंबईहून इंजिनिअर साहेब आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पेटी हातात घेऊन त्यांनी वजन पाहिलं, नखानं डांबर टोकरलं आणि मॅनेजरला म्हणाले, "ह्याच्या आत काय आहे हे आता कोणीच सांगू शकणार नाही. काढून टाका. बटन थेट जोडा."

मी शिडीवर होतो. तिथूनच बोललो, "साहेब, मंग आत मानूस राह्यला त?"

"बटन दाबणाऱ्याला डोळे आहेत ना?"

"डोये हायत. पन दार लागल्यावर डोयाले लोखंडाच्या पलीकडचं दिसते का?"

मॅनेजरनं माझ्याकडं असं पाहिलं की शिडीच हलावी. साहेब मात्र हसले. "कितवी शिकलास?"

"चवथी."

"पास?"

"नाई."

"मग असं कर, ह्या पेटीचा नकाशा तूच काढ."

गंमत म्हणून बोलले ते. सगळे हसले. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "काढतो."

मॅनेजरला हंगामाची घाई. तो म्हणाला, "आठ दिवस देतो तुले. तवरोक दुसऱ्या प्रेसवर भागवतो. नवव्या दिवशी साहेब बटन थेट जोडून देतील आन् तू वायर धरून उभा राहशीन. समजलं?"

समजलं. घरी आलो तर भावाला आधीच कळलेलं. तो ओसरीवर पाय चोळत बसला होता. रुई खुंदून त्याच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. म्हणाला, "थेट त थेट. इतके साल का पेटीनं जगवलं मले? आमी दोघंबी एकमेकाले हाक मारून निंगतो."

"आन् एखाद्या दिवशी हाक आयकू नाई आली त?"

"त तू रडजो," तो म्हणाला, आणि वहिनी आतून भांडं आपटून म्हणाली, "असं बोलून नाई राह्यचं घरात."

पहिले दोन दिवस मी वाया घालवले. मेलेली पेटी स्टोव्हवर तापवून डांबर वितळवलं. हात पोळले, सगळ्या गल्लीत वास सुटला. शेवटी हाती आलं ते असं: तांब्याच्या तारेची दोन गुंडाळं, म्हणजे कॉइल, काही पत्र्याच्या पट्ट्या, आणि आतलं बाकी सगळं वितळून एक झालेलं. दोन कॉइलपैकी एकीचा कोळसा झाला होता. कोणती तार कुठून कुठं गेली हे शोधायला काही उरलंच नव्हतं. चूक माझी. माणूस मेल्यावर पोट फाडून तो काय विचार करत होता हे कळत नाही. जित्याला विचारावं लागतं.

जिती पेटी अमरावतीला होती. आमच्याच शेठची तिथं दुसरी प्रेस, हिचीच जुळी बहीण. तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूरवरून एस.टी.नं अमरावतीला पोचलो. तिथला मॅनेजर म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी पेटी काढून घे. दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याले ती जागेवर पाहिजे. बिघडली त तुले आन् तुह्या अकोल्याले मी पाहून घेतो."

सुट्टी दुसऱ्याच दिवशी होती. सकाळी पेटी सोडवून सरकीच्या गोदामात बारदानावर मांडली. वायरींच्या सहा जोड्या. एक पाट उचलणाऱ्या झडपेची. तिथं मी बल्ब लावला. दिवा लागला म्हणजे पाट उठला. दोन जोड्या दोन दारांच्या, एक पाट खाली बसल्याची, एक बटनाची. सहावी जोडी वर भिंतीवरच्या घंटीकडं गेलेली. घंटीचा माझा काही संबंध नाही म्हणून तिची टोकं बाजूला टाकली.

आता इथं शाळा उपयोगाला आली नाही आणि नडलीही नाही. मी विचार केला, एक वायर एक तर जुळलेली, नाही तर सुटलेली. दोन तऱ्हा. दोन वायरींच्या चार तऱ्हा. तिघींच्या आठ. चौघींच्या सोळा. रुपयाचे आणे तेवढे! मनात म्हटलं, सोळाच्या सोळा आणे विचारून घेऊ. लिहायला जमेना, गडबड व्हायची, म्हणून बारदानावर ओळी मांडल्या. वायर जुळलेली असेल तिथं सरकीचा दाणा, सुटलेली असेल तिथं खडा. ओळीच्या शेवटी दिवा लागला तर कोळशाचा तुकडा.

सोळा ओळी झाल्या. एकाही ओळीपुढं कोळसा नाही. चारी वायरी जुळवल्या, म्हणजे दारं बंद, पाट खाली, बटन दाबलेलं, तरी दिवा लागेना. पुन्हा सोळा केल्या. ह्या वेळी शेवटच्या ओळीला दिवा लागला! मी नाचायचाच बाकी राहिलो. खात्रीसाठी तिसऱ्यांदा केल्या. तीच ओळ, तेच चार दाणे, आणि दिवा गप्प.

एकच प्रश्न, दोन उत्तरं. वाटलं, पेटी बिघडवली मी. आता अकोल्याची गेली ती गेली, अमरावतीचीही प्रेस बंद पाडली. दिवसभर मांडत राहिलो. कधी लागे, कधी न लागे. संध्याकाळी पेटी होती तशी जागेवर चढवली.

सकाळी भोंगा झाला तेव्हा मी प्रेससमोर उभा. तिथं हौदात खुंदणाऱ्यांचा म्होरक्या एक बुढा होता, साठीचा, डोक्याला लाल फडकं. रुई भरली, खुंदली. आधी त्याचा जोडीदार बाहेर आला, मग बुढा. बुढ्यानं दोन्ही दारं लावली, वर हात करून साखळी ओढली, घंटी टण् वाजली, त्यानं हात कपाळाला लावून नमस्कार केला. मग दुसऱ्यानं बटन दाबलं. पाट उठला.

पेटी ठीक होती! मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

दुसरी गठाण. तिसरी गठाण. दरवेळी बुढा शेवटी निघायचा, दारं लावायचा, घंटी वाजवायचा, कपाळाला हात लावायचा. मी विचारलं, "बाबा, ही घंटी काहून वाजवता?"

"काहून म्हंजे? देवळातून निंगताना वाजवत नाई का तू?"

"पन हे का देऊळ हाय?"

"रोज जिथून जित्ता बाहेर येतो, ते देऊळच ना बापा."

त्याचा जोडीदार म्हणाला, "अकोल्याच्या लोकायले देऊळ काय समजते? त्यायच्या गावात नुसतं भाव विचारतेत."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष घंटीवर गेलं होतं. पितळेची घंटी. आत लोळी. हातानं साखळी ओढायची, लोळी आपटायची, आवाज व्हायचा. ह्यात वीज कुठं लागते? मग तिच्याकडं वायरींची जोडी कशाला गेली?

मी शिडी लावली. बुढा ओरडला, "अबे, चप्पल काढून चढ!" चप्पल काढून चढलो. घंटीच्या मागं, रुईच्या धुळीत बुजलेलं, बोटाएवढं स्विच. साखळी ओढली की ते क्षणभर जुळायचं आणि सुटायचं.

तेव्हा माझ्या डोळ्यापुढं अकोल्याची भिंत आली. आमच्याही प्रेसला घंटी होती म्हणे, मी कामाला लागायच्या आधी. कारखान्याच्या आवारात मारोतीचं ठाणं झालं तेव्हा लोकांनी ती काढून देवाला वाहिली. देवाची वस्तू देवाकडं बरी, असं म्हणून. उरलेली साखळी लोंबायची, डोक्याला लागायची, म्हणून कोणी तरी तारेनं खाली ओढून खुंटीला करकचून बांधून टाकली. म्हणजे आमचं ते स्विच वर्षानुवर्षं जुळलेलंच! दारं लागलेली असली की एक कॉइल रात्रंदिवस तापत बसलेली. तिचाच कोळसा झाला.

आणि माझा भाऊ एवढी वर्षं ज्या पेटीच्या भरवशावर आत उतरत होता, तिचा एक कान आम्ही भक्तीनं बंद करून ठेवला होता.

जेवणाची सुट्टी झाली. मी बुढ्याला म्हणालो, "बाबा, भाकर अर्ध्या घंट्यानं खा. मले मदत करा." तो कुरकुरला, पण आला. मी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर पेटीला टेकवला आणि मूठ कानाला लावली. मोटारीचं बेअरिंग असंच ऐकतात.

"दारं लावा." काही नाही.

"घंटी वाजवा."

आत बारीक आवाज झाला. टक्.

साखळी सुटली, घंटी थांबली. आतून काहीच नाही. म्हणजे जे लागलं ते लागलेलंच राहिलं होतं.

"आता एक दार उघडा."

टक्. सुटलं.

"पुन्यांदा लावा." काही नाही. दार लागलं, पण पेटी विसरली ती विसरली. पुन्हा घंटी वाजेपर्यंत तिला काही आठवत नव्हतं.

मी उभाच राहिलो. हे तर माझ्या रोजच्या ओळखीचं होतं! विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. हिरवं बटन दाबून बोट काढा, मोटार चालूच राहते, कारण आतली कॉइल स्वतःला स्वतःच धरून ठेवते. लाल बटन दाबलं की सोडते. इथं घंटी म्हणजे हिरवं बटन आणि दार म्हणजे लाल बटन. पेटीला लक्षात ठेवता येत होतं, आणि म्हणूनच मला एका प्रश्नाची दोन उत्तरं मिळत होती. गोदामात मी बाजूला टाकलेली घंटीची टोकं माझ्याच कोपरानं कधी एकमेकांना लागत असतील, तेव्हा तिला वाटायचं घंटी वाजली.

त्या साहेबांनी, ज्यांनी ती परदेशात बनवली, त्यांनी पेटीत एक सवाल भरून ठेवला होता. दारं लागली, ठीक. पण शेवटचा माणूस बाहेर येऊन स्वतःच्या हातानं सांगून गेला का? सांगून गेल्यावर कोणी पुन्हा दार उघडलं का? उघडलं असेल तर मी काही मानत नाही, पुन्हा सांगा.

मला त्यांचा राग होता, डांबर ओतलं म्हणून. तेव्हा पहिल्यांदा त्यांना मनातून रामराम केला.

"काय झालं बे? भूत दिसलं का?" बुढा म्हणाला.

"बाबा, तुमी इतके साल घंटी वाजवली म्हनून ही प्रेस चालली. न वाजवता कधी पाट उठला का?"

बुढा म्हणाला, "एकदा विसरलो होतो. नाईच उठला. मी म्हटलं, देव कोपला."

घंटीची वायर धरून तऱ्हा बत्तीस झाल्या. संध्याकाळी प्रेस थांबल्यावर झडपेच्या जागी पुन्हा दिवा लावला. बुढ्यानं आणि मी त्या साऱ्या केल्या, आणि जिथं आधी-नंतरचा फरक पडत होता तिथं दोन-दोनदा केल्या. नव्या बारदानावर सरकी आणि खडे खळीनं चिकटवले. एकही ओळ खोटं बोलली नाही. बत्तीस सवाल आणि प्रत्येकाला आधीच माझ्याकडं उत्तर तयार. दिवा लागायच्या आधी मी सांगायचो, आता लागेल, आता नाही. आणि तसंच व्हायचं. आयुष्यात मी लग्नात खुश झालो, पोरं झाली तेव्हा झालो. पण ती खुशी वेगळी. बंद पेटीच्या आत कोणी तरी बसलं आहे आणि त्याच्या मनातलं मी बोलून राहिलो आहे, असं वाटत होतं.

अकोल्याला येऊन दोन दिवसांत पेटी केली. भंगारातून पंपाचे दोन जुने स्टार्टर घेतले, कॉइली नव्यानं गुंडाळल्या, सागाच्या फळीवर बसवले. डांबर नाही, झाकण काचेचं. आत काय चाललं आहे ते ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. साखळीची तार तोडून टाकली आणि स्विच साफ केलं.

नवव्या दिवशी दुपारी साहेब आले. मॅनेजर, हमाल, रेजा म्हणजे मजूर बाया, सगळे जमले. मी हौदात लाकडी ओंडका टाकून दाखवला. दारं लागली, साखळी ओढली नाही, बटन दाबलं, पाट हलला नाही. साहेब म्हणाले, "ठीक आहे. एकदा झालं. दहादा होईल कशावरून?"

बरोबरच होतं त्यांचं. पण मला राग आला. मी दार उघडलं आणि हौदात शिरलो.

"अबे, अबे!" मॅनेजर ओरडला. "बाहेर ये! माह्या कारखान्यात पोलीस आनतो का?"

"काहून? माह्या भावाले आत ठेवून बटन थेट जोडनार होते ना? तवा कोठी होते पोलीस?" मी आतून म्हणालो. "भाऊ, दारं लाव. बटन तूच दाबजो."

"म्या नाई दाबत," भाऊ म्हणाला.

"दाब."

"मायची आन, म्या नाई दाबत!"

"भाऊ, उद्यापासून तू आत राहशीन आन् दुसरा कोनी दाबीन. मंग आजच पाहून घे ना."

दारं लागली. आत अंधार, रुईचा वास, पायाखाली तो थंड पाट. भीती वाटली का? वाटली. खोटं सांगणार नाही. मग भावाचा रडका आवाज आला, "दाबतो रे."

काही झालं नाही.

"पुन्यांदा!" मी ओरडलो.

त्यानं दहा वेळा दाबलं. मी आतून मोजत होतो, मोठ्यानं, साहेबांना ऐकू जावं म्हणून. दहाव्याला पायाखालचा पाट होता तिथंच होता.

बाहेर आलो. ओंडका काढला, रुई भरायला सांगितली. भाऊ आणि त्याचा जोडीदार आत गेले, खुंदून बाहेर आले. भावानं दारं लावली. साखळी ओढली. बटन दाबलं. काचेच्या झाकणाखाली पत्र्याची पट्टी टक्कन बसली आणि पाट असा उठला, जणू आठ दिवस झोपून ताजा झाला होता. रेजांनी आरडाओरडा केला. भावानं माझ्या पाठीत एवढा जोराचा गुद्दा घातला की दोन दिवस दुखत होतं.

"नकाशा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

मी बारदान पसरलं. त्यांनी पँट सावरली आणि जमिनीवर उकिडवे बसले. सरकीवर बोट ठेवत एकेक ओळ वाचत गेले. मधे एका ओळीवर थांबून म्हणाले, "इथं दिवा लागायला हवा." मी म्हणालो, "नाई साहेब. घंटीनंतर दार उघडलं हाय इथं." त्यांनी पुन्हा पाहिलं, मान हलवली आणि खिशातलं पेन काढून बत्तीसच्या बत्तीस ओळी उतरवून घेतल्या. एक तास लागला त्यांना. मी बाजूला बसून विडी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या भोंग्याच्या आधी मी लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन प्रेसवर गेलो. समोरची भिंत झाडून घेतली आणि पेटीच्या पोटात काय आहे ते भिंतीवर काढलं. खुंदणाऱ्यांपैकी कोणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं काढली: हौदातून निघणारा माणूस, लागलेली दारं, साखळी ओढणारा हात, आणि शेवटी वर चढलेला पाट. खाली दुसरी रांग: साखळीनंतर उघडलेलं दार आणि जागेवर बसलेला पाट. भाऊ कामावर आला, हौदातून निघणाऱ्या माणसाकडं बघत राहिला.

"हा कोन?"

"तू."

"मले मिश्या हायत," तो म्हणाला.

मी कुंचला पुन्हा डब्यात बुडवला आणि त्याला मिश्या काढल्या.